नेतृत्वाचे प्रशिक्षण की अधिकाराची वाटणी? : व्यक्तिकेंद्रित आरोग्यसेवेच्या संदर्भात जामखेड प्रयोगाची चिकित्सा

सारांश

आरोग्यसेवा व्यक्तिकेंद्रित व्हावी यासाठी डॉक्टर, परिचारिका व ग्रामपातळीवरील आरोग्यसेविका यांना नेतृत्वाचे प्रशिक्षण द्यावे, असा आग्रह सर्वत्र धरला जातो. प्रस्तुत लेखात या आग्रहाची चिकित्सा जामखेड येथील सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाच्या आधारे केली आहे. प्रशिक्षणाने कौशल्य देता येते. परंतु शिकलेल्या व्यक्तीला निर्णयाचा अधिकार मिळाला नाही, तर त्या कौशल्याचा लाभ रुग्णापर्यंत पूर्णांशाने पोहोचत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : व्यक्तिकेंद्रित सेवा, नेतृत्व, प्रशिक्षण, ग्राम आरोग्य सेविका, आशा स्वयंसेविका, जामखेड.

१. प्रास्ताविक

आरोग्यसेवेच्या चर्चेत अलीकडे दोन संज्ञा जोडीने येतात. एक 'व्यक्तिकेंद्रित सेवा' आणि दुसरी 'नेतृत्व'. पहिली संज्ञा सेवा कशी असावी हे सांगते, तर दुसरी ती तशी कोण घडवून आणील हे सांगते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणून प्रशिक्षणाकडे पाहिले जाते. मे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने लोककेंद्रित व एकात्मिक आरोग्यसेवेचा आराखडा स्वीकारला. आपल्याकडे २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रमात भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत. त्यांत 'आरोग्यपथकाचा नेता व सदस्य' ही एक स्वतंत्र भूमिका आहे. म्हणजे नेतृत्व हा विषय आता वैद्यक शिक्षणाच्या पाठ्यक्रमात आला आहे.

तथापि विषय पाठ्यक्रमात आला म्हणजे तो व्यवहारात उतरला असे होत नाही. नेतृत्व शिकवायचे म्हणजे नेमके काय शिकवायचे? कोणाला शिकवायचे? आणि शिकून बाहेर पडलेल्या व्यक्तीच्या हाती काय द्यायचे? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना परदेशातील प्रारूपांकडे वळण्याआधी आपल्याच शेजारी घडलेल्या एका प्रयोगाची समीक्षा करणे उपयुक्त ठरेल. मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेड येथे १९७० पासून हा प्रयोग चालू आहे.

२. 'व्यक्ती' या संज्ञेचा अर्थ

व्यक्तिकेंद्रित विचाराचा उगम मानसशास्त्रात आहे. कार्ल रॉजर्स यांनी १९५१ मध्ये सल्लार्थीकेंद्रित उपचारपद्धती मांडली. पुढे टॉम किटवुड यांनी १९९७ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या संदर्भात असे दाखवून दिले की आजाराइतकीच भोवतालच्या माणसांची वागणूक व्यक्तीचे व्यक्तिपण हिरावून घेत असते. ब्रेंडन मॅकॉर्मक व तान्या मॅकान्स यांनी परिचर्या क्षेत्रासाठी जो आराखडा तयार केला, त्यात कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक गुणांबरोबरच कामाच्या वातावरणाला स्थान दिले आणि त्या वातावरणात सामायिक निर्णयप्रक्रिया व सत्तेची वाटणी या बाबी आवश्यक मानल्या. आपल्याकडील प्रशिक्षणवर्गांत या आराखड्यातील पहिला भाग, म्हणजे संवाद, सहानुभूती, संयम इत्यादी गुण, हौसेने घेतला जातो. दुसरा भाग बहुधा वगळला जातो.

आपल्या रुग्णालयांतील दैनंदिन भाषा पाहिली तर या संकल्पनेची निकड लक्षात येते. केसपेपरवर नाव, वय व गाव नोंदलेले असते. बोलताना मात्र 'सात नंबरची खाट', 'कालची डिलिव्हरीची केस' असे उल्लेख होतात. वयाने मोठ्या शेतमजूर बाईला 'अगं' आणि तिच्यासोबत आलेल्या शिकलेल्या मुलाला 'तुम्ही', हा भेदही नित्याचा आहे. सर्वनामाच्या निवडीतून कोणाचे म्हणणे ऐकायचे आणि कोणाचे नाही, हे आधीच ठरून जाते.

येथे एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. 'व्यक्ती' ही पाश्चात्त्य कल्पना असून आपल्याकडे रुग्ण एकटा येत नाही, कुटुंब घेऊन येतो, असे म्हटले जाते. हे निरीक्षण खरे आहे. परंतु त्यातून 'नातेवाइकांना विचारले म्हणजे रुग्णाला विचारले' असा निष्कर्ष काढला जातो, तो धोकादायक आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. त्या वेळी झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. हे प्रमाण सुमारे १७ टक्के आहे. उचल, मुकादम, बुडणारी मजुरी, कुटुंबाची घाई आणि डॉक्टरचा सल्ला या सर्वांच्या दाबात स्त्रीचे स्वतःचे म्हणणे कोठे होते, हा प्रश्न या आकड्यामागे उभा आहे. आपल्या संदर्भात व्यक्तिकेंद्रित सेवा म्हणजे कुटुंब व जात यांच्या जाळ्यात असलेल्या माणसाला त्या जाळ्यासह समजून घेणे, आणि तरीही त्याचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकणे होय.

३. जामखेड : प्रशिक्षणाची वेगळी रीत

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना बरे होऊन गेलेले रुग्ण तेच आजार घेऊन परत येतात, हे त्यांच्या ध्यानी आले. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन त्यांनी १९७० मध्ये जामखेड येथे प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल यांचे १९९९ मध्ये व डॉ. रजनीकांत यांचे २०११ मध्ये निधन झाले.

प्रकल्पाच्या आरंभी गावोगाव प्रशिक्षित परिचारिका पाठविण्याचा प्रयत्न झाला. तो फसला. बाहेरून आलेली शिकलेली तरुणी गावात राहण्यास राजी नसे आणि गावालाही ती परकी वाटे. तेव्हा गावातीलच एखाद्या स्त्रीला शिकवावे, असा विचार पुढे आला. निवडलेल्या स्त्रिया बहुतांशी निरक्षर होत्या. अनेक जणी दलित होत्या. काही विधवा, काही परित्यक्ता. गावाच्या उतरंडीत ज्यांच्या शब्दाला किंमत नव्हती, अशाच स्त्रियांच्या हाती गावाचे आरोग्य सोपविण्यात आले.

या स्त्रियांच्या प्रशिक्षणाची तीन वैशिष्ट्ये विशेष लक्षात घेण्याजोगी आहेत.

पहिले, प्रशिक्षणाला अखेरचा दिवस नव्हता. सेविका आठवड्यातून एकदा जामखेडला येत, रात्री मुक्काम करीत आणि दुसऱ्या दिवशी गावी परतत. गावात भेटलेली अडचण त्या पुढच्या आठवड्यात मांडत. त्यामुळे पाठ्यक्रम गावातून येत असे. शिक्षकाने तो आधी ठरविलेला नसे. असे वर्षानुवर्षे चालले.

दुसरे, प्रशिक्षणाचा पहिला विषय शरीरशास्त्र नव्हता, माणूस म्हणून स्वतःची किंमत हा होता. वेगवेगळ्या जातींच्या स्त्रियांनी एका ठिकाणी पाणी पिणे, एकत्र जेवणे व एकत्र झोपणे हा शिक्षणाचाच भाग होता. ज्या स्त्रीला स्वतःला कोणी व्यक्ती मानलेले नाही, तिने दुसऱ्याला व्यक्ती मानावे ही अपेक्षा व्यर्थ आहे, ही जाण त्यामागे होती. आपल्याकडील नेतृत्व-प्रशिक्षणाच्या प्रचलित साहित्यात हा मुद्दा क्वचितच आढळतो.

तिसरे, शिकविणाऱ्यांनी आपला अधिकार प्रत्यक्ष सोडला. कोणत्या गर्भवतीला रुग्णालयात न्यायचे, कोणत्या बालकाचे वजन घटते आहे, कुष्ठरोग्याला घरीच ठेवून उपचार कसे चालू ठेवायचे, याविषयी सेविकेचा निर्णय डॉक्टर मान्य करीत. गावात शेतकरी मंडळे व महिला विकास मंडळे उभी राहिली आणि सेविकेच्या शब्दामागे ती उभी राहू लागली. १९७२-७३ च्या दुष्काळानंतर पाण्याच्या कामांत हातपंप दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरण्यात आला. पाण्यासाठी इतरांनी तेथे यावे, हा त्यामागील हेतू होता. आरोग्यशिक्षणातून जे साधले नसते, ते हातपंपाच्या जागेने काही अंशी साधले.

या प्रयोगाची दखल जगाने घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'हेल्थ बाय द पीपल' या ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आहे. १९७८ च्या अल्मा-आटा घोषणेपूर्वीच्या विचारमंथनात या ग्रंथाला महत्त्वाचे स्थान आहे. १९८० च्या दशकात मुक्ताबाई पोळ या ग्राम आरोग्य सेविकेने वॉशिंग्टन येथील परिषदेत भाषण केले. सभागृहातील झुंबर आणि घरातील पणती यांची तुलना करून त्यांनी सांगितले की पणती साधी व स्वस्त असते, पण एका पणतीवरून दुसरी लावता येते. नेतृत्व-प्रशिक्षणाची याहून नेमकी व्याख्या तज्ज्ञांच्या ग्रंथांतही सहजी सापडणार नाही.

४. शासनाने काय घेतले आणि काय सोडले

जामखेडसारख्या प्रयोगांतून शासनाने प्रेरणा घेतली, हे मान्य करावयास हवे. २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशभर समाज आरोग्य कार्यकर्ता योजना सुरू झाली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि दरमहा ५० रुपये मानधन अशी तिची रचना होती. निवड झालेल्यांत पुरुषांचे प्राबल्य होते. जामखेडचा बाह्य आकार येथे आला. गावाच्या उतरंडीला धक्का देणारी निवड व अखंड प्रशिक्षण हे दोन्ही गळाले.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने आशा योजना आणली. साधारण हजार लोकसंख्येमागे एक, गावातीलच स्त्री, ही रचना जामखेडच्या अधिक जवळ जाणारी होती. पहिल्या वर्षी २३ दिवसांचे प्रशिक्षण ठरले. परंतु मोबदला कामाच्या प्रमाणात ठेवला गेला. संस्थात्मक प्रसूती, लसीकरण, शस्त्रक्रियेसाठी प्रवृत्त करणे अशा प्रत्येक कामाचा स्वतंत्र दर. निश्चित मानधनाची भर पुढे पडली, तीही मुख्यतः आशांच्या मागण्या व आंदोलने यांतून. कामाचा दर ठरला की माणसाची 'केस' होते. ज्या घरभेटीत बाई आपले दुःख सांगते, पण ज्या दुःखाला कोणत्याच रकान्यात जागा नाही, ती भेट हिशेबात निष्फळ ठरते.

गडचिरोली येथील 'सर्च' संस्थेचे उदाहरण हा फरक अधिक स्पष्ट करते. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या गावांतील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. यात आरोग्यदूत स्त्रीला जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याचा अधिकार होता. गृहाधारित नवजात काळजीचा हा कार्यक्रम २०११ मध्ये आशांमार्फत देशभर लागू झाला, तेव्हा घरभेटी आल्या, वजनकाटा आला, तापमापक आला; इंजेक्शनचा अधिकार मात्र आशांना मिळाला नाही. सुरक्षितता व देखरेख या कारणांसाठी शासनाला सावध राहावे लागते, हे खरे. परंतु देखरेखीची व्यवस्था बळकट करण्याऐवजी अधिकार वगळणे हा सोपा मार्ग निवडला गेला, असेच म्हणावे लागते.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना 'जागतिक आरोग्य नेते' म्हणून गौरविले. त्याच्या आधीच्या वर्षी, २०२१ च्या जूनमध्ये, महाराष्ट्रातील आशा संपावर होत्या. २०२३ मध्येही त्या संपावर गेल्या. जगाने ज्यांना नेता म्हटले, त्यांचे कागदोपत्री नाव 'स्वयंसेविका' आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत त्या अहवाल देतात, सूचना घेतात. कार्यक्रम कसा असावा हे ठरविण्यात त्यांचा वाटा नसतो. सन्मानपत्रातील नेतृत्व आणि बैठकीतील स्थान यांतील हे अंतर प्रशिक्षणाच्या आणखी एका सत्राने भरून निघणारे नाही.

५. रुग्णालयातील नेतृत्व

हाच प्रश्न मोठ्या रुग्णालयात वेगळ्या रूपात दिसतो. इंग्लंडमधील मिड स्टॅफर्डशायर रुग्णालयातील अनास्थेची सार्वजनिक चौकशी होऊन फ्रान्सिस अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आर्थिक ताळेबंद व उद्दिष्टे यांच्यामागे लागलेल्या व्यवस्थापनाने रुग्णांच्या तक्रारी आणि कर्मचाऱ्यांचे इशारे ऐकले नाहीत, असा त्याचा आशय आहे. तेथे व्यवस्थापकांची उणीव नव्हती. खालून आलेला आवाज वर पोहोचण्याची वाट बंद होती.

आपल्या विभागातील उदाहरण घ्यावयाचे तर नांदेडचे घ्यावे लागते. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस व ऑक्टोबरच्या आरंभी तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दोन दिवसांत ३१ रुग्ण दगावल्याने राज्यभर खळबळ उडाली. मृतांत नवजात बालके होती. औषधे, मनुष्यबळ व खाटा यांवर पडणारा ताण चर्चेत आला. परंतु जनतेच्या स्मरणात राहिले ते एका लोकप्रतिनिधीने अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करावयास लावल्याचे चित्र. वरिष्ठाने कनिष्ठाला सर्वांसमक्ष अपमानित करणे म्हणजे नेतृत्व, ही समजूत आपल्या सार्वजनिक जीवनात किती रुजली आहे, याचे ते उदाहरण होय. हीच साखळी पुढे अधिष्ठात्यांकडून विभागप्रमुखाकडे, तेथून निवासी डॉक्टरकडे, परिचारिकेकडे, वॉर्डातील मावशी-मामांकडे आणि शेवटी रुग्णाच्या नातेवाइकांकडे उतरण्याची शक्यता असते. अपमान जसा वरून खाली झिरपतो, तसा आदरही वरूनच झिरपावा लागतो.

या पार्श्वभूमीवर वैद्यकीय अभ्यासक्रमातील वृत्ती, नीती व संवाद यांविषयीचा घटक स्वागतार्ह आहे. मात्र जो विद्यार्थी वर्गात रुग्णाशी आदराने बोलण्याचा पाठ शिकतो, त्यालाच वॉर्डात वरिष्ठ सर्वांसमोर दरडावताना दिसले, तर तो कोणता पाठ लक्षात ठेवील? नेतृत्व अनुकरणातून शिकले जाते. त्यामुळे या प्रशिक्षणाची खरी गरज विद्यार्थ्यांइतकीच विभागप्रमुखांना आहे.

६. जामखेडच्या मर्यादा

जामखेडचे गुणगान करून थांबणे समीक्षेच्या दृष्टीने योग्य होणार नाही. या प्रयोगाच्या तीन मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा परिणामांची. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जामखेड परिसरातील गावांत बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा कमी आढळले. परंतु हा परिणाम प्रामुख्याने पहिला महिना ओलांडलेल्या बालकांत दिसला. नवजात बालकाला वाचविण्यासाठी आत्मभानाबरोबर विशिष्ट तांत्रिक कौशल्यही लागते, हे गडचिरोलीने दाखविले. म्हणजे अधिकार व कौशल्य ही परस्परांना पर्याय नाहीत.

दुसरी मर्यादा मोबदल्याची. जामखेडच्या सेविकांचे काम बहुतांशी सेवाभावावर चालले. उपजीविकेसाठी त्यांनी जोडधंदे केले. डॉक्टरला वेतन आणि गरीब स्त्रीला सेवेचे समाधान, ही विभागणी न्याय्य म्हणता येत नाही. आशांना 'स्वयंसेविका' ठेवण्याच्या धोरणाला अशा प्रयोगांतून नकळत आधार मिळाला, हे नाकारता येत नाही.

तिसरी मर्यादा संस्थापकांच्या व्यक्तिमत्त्वाची. आरोळे दांपत्याने स्वेच्छेने अधिकार सोडला. पुढील पिढीने काम चालू ठेवले असले, तरी जेथे असे नेते नाहीत तेथे काय करायचे, याचे उत्तर केवळ आदर्शातून मिळत नाही. चांगल्या माणसाच्या इच्छेवर अवलंबून असलेली वाटणी नियमांत उतरविणे हे शासनाचे व विद्यापीठांचे काम आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून नेतृत्व-प्रशिक्षणाच्या मूल्यमापनासाठी पुढील चार कसोट्या सुचविता येतात.

अ) प्रशिक्षणानंतर प्रशिक्षणार्थीला पूर्वी नसलेला कोणता निर्णय घेण्याचा अधिकार मिळाला?
आ) वरिष्ठाने आपला कोणता अधिकार सोडला अथवा वाटून घेतला?
इ) प्रशिक्षणाचा विषय ठरविण्यात प्रत्यक्ष सेवा देणाऱ्यांचा व रुग्णांचा वाटा होता काय?
ई) वाढलेल्या जबाबदारीला अनुरूप मोबदला व देखरेख दिली गेली काय?

या कसोट्यांवर प्रमाणपत्र देऊन संपणारी बहुसंख्य शिबिरे उतरणार नाहीत. जामखेड पहिल्या तीन कसोट्यांवर उतरते आणि चौथ्या कसोटीवर कमी पडते. आशा योजनेत गावाची निवड व प्रशिक्षणाचा विस्तार आहे. अधिकाराच्या बाजूने ती अपुरी आहे.

लातूर व नांदेड येथे वैद्यकीय, परिचर्या व समाजकार्य महाविद्यालये आहेत, तसेच कला शाखेची अनेक महाविद्यालये आहेत. समाजशास्त्र व लोकप्रशासन या विषयांच्या प्राध्यापकांनी आरोग्यसेवा हा आपला विषय नव्हे असे मानण्याचे कारण नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत कोण बोलते, कोण ऐकते आणि निर्णय कोणाच्या म्हणण्यावर होतो, याची साधी नोंद ठेवणे हाही संशोधनाचा विषय होऊ शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आरोग्यविषयक व्याख्यान ठेवताना व्यासपीठावर वैद्यकीय अधिकाऱ्यासोबत गावच्या आशांना वक्ता म्हणून बसविणे तर आपल्याच हाती आहे. अशा लहान व्यवहारांतूनच अधिकाराच्या वाटणीची सवय लागेल, आणि ती सवय लागल्याखेरीज व्यक्तिकेंद्रित सेवा पाठ्यपुस्तकाबाहेर येणार नाही.